आधी नदी, मग तारीख : मोठ्या चॅनल कॅटफिशच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिनिआपोलिस येथे नोकरी करतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जोडून सुट्टी मिळत असल्याने पाच दिवस फक्त गळ टाकण्यासाठी बाहेर पडावे, असा बेत आहे. तिघांपैकी एकाला तरी वीस पौंडांहून मोठा चॅनल कॅटफिश लागावा, एवढीच इच्छा आहे. कोठे जावे आणि तयारीला कोठून सुरुवात करावी?

उत्तर : आपण तारीख आधी ठरवली आहे आणि नदी नंतर शोधत आहात. मोठ्या माशाच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा लागतो. हाताएवढे चॅनल कॅटफिश अमेरिकेतील असंख्य तळ्यांत आणि नद्यांत मिळतात. परंतु वीस पौंडांच्या माशाची वाजवी आशा धरता येईल असे पाणी फार थोडे असते. तेथेही तो वर्षाचे बाराही महिने सारख्या भुकेने खात नाही. म्हणून प्रथम पाणी ठरवावे, त्या पाण्यातील चांगले आठवडे कोणते ते समजून घ्यावे आणि रजेचा अर्ज सर्वांत शेवटी करावा.

या जातीचा जागतिक विक्रम ५८ पौंडांचा आहे. तो मासा जुलै १९६४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील सॅंटी-कूपर जलाशयात लागला. हे वाचून बरेच जण दक्षिणेची वाट धरतात. तो विक्रम खरा असला, तरी आज त्या जलाशयाची ओळख प्रामुख्याने निळा कॅटफिश या दुसऱ्या जातीसाठी आहे, आणि एका असामान्य माशाच्या आठवणीवर पाच दिवसांची सहल आखणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आपल्याला हवा आहे तो विक्रम नव्हे, तर मोठे मासे संख्येने असलेले पाणी. त्या कसोटीवर मी निःशंकपणे उत्तरेकडील रेड नदीचे नाव घेईन, आणि आपल्या सुदैवाने ती आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

ही नदी नॉर्थ डकोटातील वॉपेटन आणि मिनेसोटातील ब्रेकनरिज या जुळ्या गावांपाशी ऑटर टेल आणि ब्वा द सू या दोन नद्यांच्या संगमातून सुरू होते. दोन राज्यांची सीमा आखत, फार्गो आणि ग्रॅंड फोर्क्स या शहरांवरून ती उत्तरेकडे वाहते, कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात शिरते आणि विनिपेग शहर ओलांडून विनिपेग सरोवराला मिळते. तिची लांबी सुमारे ८८५ किलोमीटर आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथे पसरलेल्या ॲगॅसिझ नावाच्या प्रचंड सरोवराच्या तळाच्या मातीतून ती वाहत असल्याने तिचे पाणी बाराही महिने गढूळ असते. प्रथम पाहणाऱ्याला ती दरिद्री वाटते. डोळ्यांपेक्षा नाकावर आणि मिशांवर भिस्त ठेवणाऱ्या माशाला मात्र हा गढूळपणा मुळीच अडचणीचा नसतो.

सर्वांत मोठे मासे या नदीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे लॉकपोर्ट येथील सेंट ॲंड्र्यूज धरणापासून सेलकर्क गावापर्यंत आणि त्याखाली मिळतात. हे धरण १९१० मध्ये नौकानयनासाठी सुरू झाले. सरोवराकडून वर चढून येणारे मासे त्याच्या पायथ्याशी अडून राहतात. त्यांचे खाद्य असलेले गोल्डआयसारखे लहान मासेही तेथेच जमतात. त्यात दुसरी गोष्ट अशी, की मॅनिटोबात ६० सेंटीमीटरपेक्षा लांब चॅनल कॅटफिश ठेवून घेण्यास मनाई आहे. थंड प्रदेशात हा मासा संथपणे वाढतो आणि वीस वर्षांहून अधिक जगतो. पाणी, खाद्य आणि कायदा या तिघांनी मिळून त्याला म्हातारा होऊ दिले, म्हणून तो मोठा झाला. सेलकर्कच्या रस्त्याकडेला कॅटफिशचा भव्य पुतळा उभा आहे. गावाने आपला अभिमान कशावर ठेवला आहे, हे त्यावरून कळते.

मॅनिटोबाच्या ‘मास्टर अँगलर’ या नोंदणीत चॅनल कॅटफिशसाठी किमान लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर आहे. आपणही पौंडांऐवजी हीच मोजपट्टी मनाशी धरावी, असे मी सुचवीन. वजनाच्या नादात मासा वजनकाट्याला टांगून ठेवला जातो. लांबी मात्र ओल्या पट्टीवर काही क्षणांत मोजता येते. वजनाचा अंदाज हवाच असेल, तर इंचांतील लांबीला घेराच्या वर्गाने गुणून ८०० ने भागावे : ३६ इंच लांब आणि २२ इंच घेर असलेला मासा या हिशेबाने जवळजवळ २२ पौंडांचा ठरतो.

आता आपल्या जुलैच्या पहिल्या आठवड्याविषयी. पाण्याचे तापमान २१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की हा मासा अंडी घालण्याच्या तयारीला लागतो. नर एखादी कपार, काठाखालील पोकळी किंवा बुडालेल्या ओंडक्याचा आडोसा शोधतो आणि अंडी घातल्यावर त्यांची राखण करीत बसतो. त्या काळात त्याचे खाण्याकडे लक्ष नसते. रेड नदीच्या उत्तर टोकाला हा काळ बहुधा जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत येतो, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीत. मीही पहिल्या खेपेस अशाच एका लांब सुट्टीच्या मोहाने गेलो होतो. दोन दिवस काठीचे टोक तसूभरही हलले नाही, आणि शेजारच्या होडीतील वृद्ध गृहस्थांनी ‘मासे लग्नघरात आहेत, जेवणघरात नाहीत’ अशा अर्थाचे काहीतरी हसत सांगितले, तेव्हा कोठे डोक्यात प्रकाश पडला.

आपण जूनचा पहिला पंधरवडा निवडावा. अंडी घालण्यापूर्वी मासा अंगावर चरबी चढवण्यासाठी अधाशासारखा खातो. ते जमत नसेल, तर ऑगस्ट घ्यावा. तेव्हा मासे पुन्हा खाण्यावर येतात आणि नदीही बहुधा शांत झालेली असते. मेच्या मध्यावर हंगाम उघडतो. परंतु त्या सुमारास पाणी थंड असते आणि पुराची शक्यताही उरते. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असल्यामुळे वरच्या अंगाचे बर्फ आधी वितळते आणि ते पाणी अजून गोठलेल्या खालच्या पात्रावर येऊन आदळते. १९९७ मध्ये ग्रॅंड फोर्क्स शहर या नदीच्या पुरात बुडाले होते, हे आपणास आठवत असेल. म्हणून रजा एकाच आठवड्याची न मागता, दुसरा एक आठवडा पर्यायी म्हणून हाताशी ठेवावा. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या जलमापन विभागांकडून नदीची पातळी आणि प्रवाह रोज प्रसिद्ध होतात. निघण्यापूर्वी दहा दिवस ते आकडे पाहत जावे. पातळी झपाट्याने चढत असेल, तर पर्यायी आठवड्याकडे वळावे. ती स्थिर असेल किंवा सावकाश उतरत असेल, तर निर्धास्तपणे निघावे.

मिनिआपोलिसहून फार्गो, तेथून पेंबिना-इमर्सन ही सीमा आणि पुढे विनिपेग, असा हा सुमारे सात तासांचा रस्ता आहे. विनिपेगहून लॉकपोर्ट तीसेक किलोमीटरवर आहे. येथे एक रुक्ष परंतु महत्त्वाची सूचना करतो. आपल्यापैकी कोणी भारतीय पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्याला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. ग्रीन कार्ड असणाऱ्याला तो लागत नाही. मात्र वैध पासपोर्ट आणि कार्ड ही दोन्ही जवळ हवीत. तिघांपैकी एकाचीही कागदपत्रे वेळेत होत नसतील, तर बेत मोडू नये. सीमेच्या अलीकडे ग्रॅंड फोर्क्स ते ड्रेटन या टप्प्यात मुक्काम करावा. तेथील मासे सरासरीने थोडे लहान असले, तरी वीस पौंडांची आशा तेथेही खोटी नाही. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या या सीमेवरील पाण्यात दिवसाला पाच कॅटफिश ठेवता येतात आणि त्यांतील एकच २४ इंचांहून मोठा असू शकतो.

प्रश्न : मोठ्या कॅटफिशसाठी उग्र वासाचे तयार पीठ उत्तम, असे दुकानदार सांगतो. काही जण कोंबडीची काळिजे वापरतात. खरे काय? काठी, दोरा आणि शिसे किती जाड व किती जड घ्यावे?

उत्तर : दुकानदार अगदीच चुकीचे सांगत नाही, तो दुसऱ्या माशाविषयी सांगतो आहे. पीठ आणि काळिजे यांवर दोन-चार पौंडांचे मासे पुष्कळ लागतात. मोठा चॅनल कॅटफिश मात्र मुख्यतः मासेखाऊ असतो, आणि त्याला ताज्या माशाच्या तुकड्याइतके दुसरे काही भावत नाही. रेड नदीवर गोल्डआयचा तुकडा हे वर्षानुवर्षांचे मानाचे आमिष आहे. तो न मिळाल्यास सकर मासा किंवा गोठवलेली कोळंबीही चालते. तुकडा दोन बोटे रुंद कापावा, गळ त्याच्या एका कोपऱ्यातून ओवावा आणि गळाचे टोक पूर्ण उघडे ठेवावे. टोक मांसात लपविले, तर मासा आमिष घेऊन जातो आणि गळ मोकळा परत येतो.

ताजेपणावर एवढा भर का, याचे कारण या माशाच्या शरीरात आहे. त्याच्या तोंडाभोवती आठ मिशा असतात, आणि चव ओळखणाऱ्या कळ्या केवळ मिशांवर किंवा तोंडात नसून सबंध कातडीवर पसरलेल्या असतात. पाण्यात सुटलेला रक्ताचा आणि तेलाचा माग धरून तो प्रवाहाच्या विरुद्ध चढत येतो. वीस मिनिटांत तुकडा धुवून पांढराफटक पडतो आणि तो माग विरतो. तेव्हा मासा लागलेला नसला, तरी आमिष बदलावे. या बाबतीत कंजूषपणा करणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. सात तास गाडी चालवून आलेला माणूस एका माशाचा तुकडा वाचवू पाहतो, हे मला आजवर समजलेले नाही.

आमिष घरून बरोबर नेऊ नये. विनिपेग सरोवरात २०१३ मध्ये झेब्रा शिंपले आढळल्यापासून मॅनिटोबात परक्या जलचरांविषयीचे नियम कडक आहेत. आमिष तेथेच विकत घ्यावे आणि आपली होडी नेणार असाल, तर ती पूर्ण रिकामी, कोरडी आणि स्वच्छ असावी.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर गरजेपेक्षा अधिक बोलले जाते. साडेसात ते आठ फुटांची, मध्यम-जड ताकदीची, टोकाशी लवचीक असलेली काठी घ्यावी. दोरा तंगुसाचा असेल तर २५ ते ३० पौंडांचा ताण सोसणारा आणि वेणीचा असेल तर ५० ते ६५ पौंडांचा पुरे. मुख्य दोऱ्यावर सरकते शिसे ओवावे, त्याखाली मणी व फिरकी बांधावी आणि पुढे फूट-दीड फूट जाड तंगुसाच्या तुकड्याला गळ बांधावा. हा तुकडा लांब ठेवला, तर प्रवाहात आमिष गरगर फिरते आणि खडकांत अडकते. शिसे चपट्या आकाराचे असावे, कारण गोल शिसे तळावरून घरंगळते. वजन प्रवाह पाहून तीन ते सहा औंसांपर्यंत बदलावे लागते; त्यामुळे एकाच वजनाची शिसे भरून नेऊ नयेत.

गळ ६/० ते ८/० आकाराचा सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, असावा. मॅनिटोबात गळाला उलटा काटा चालत नाही. तो पकडीने दाबून सपाट करावा. सर्कल हुक वापरताना एक जुनी सवय मोडावी लागते, ती म्हणजे ओढ जाणवताच काठीला हिसका देण्याची. काठी खोबणीतच राहू द्यावी. मासा आमिष घेऊन वळला, की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. काठी पूर्ण वाकेपर्यंत हात मांडीवर ठेवण्याचा संयम ज्याला जमतो, त्याला मासा मिळतो. नदी गोठलेली नसताना मॅनिटोबात माणशी एकच काठी टाकता येते, तेव्हा चार-चार काठ्यांचा जुडगा नेण्याचे कारण नाही. एक वापरायची आणि एक मोडल्यास हाताशी, एवढे पुरे.

प्रश्न : आमच्याकडे होडी नाही. काठावरून मोठा मासा मिळेल काय? वाटाड्या घ्यावा काय?

उत्तर : काठावरूनही मिळतो. लॉकपोर्टच्या धरणाखाली काठावर बसून मोठे मासे काढणारे पुष्कळ आहेत, आणि तेथे होडीच्या अभावी हात हलवत परतावे लागते असे नाही. मात्र काठावरचा माणूस मासा येण्याची वाट पाहतो, तर होडीतील माणूस माशाकडे जातो. हाच काय तो फरक आहे. मोजक्या पाच दिवसांत तो जाणवतो.

माझे मत असे, की पहिल्या दिवसासाठी वाटाड्या अवश्य घ्यावा आणि पुढचे दिवस स्वतः हिंडावे. त्याच्याकडून माशांपेक्षा नदी समजून घ्यावी. डोह कोठे आहेत, याहूनही तो डोहाच्या कोणत्या भागावर होडी उभी करतो, ते पाहावे. डोहाच्या खोल पोटात असलेला मासा बहुधा विश्रांती घेत असतो; खाण्यासाठी निघालेला मासा डोहाच्या माथ्यावर, म्हणजे उथळ तळ जेथे खोल होऊ लागतो त्या उतारावर येतो. म्हणून नांगर त्या माथ्याच्या बऱ्याच वर टाकावा, दोर सोडत होडी खाली आणावी आणि आमिष प्रवाहाच्या दिशेने उतारावर पडेल असे फेकावे. पंधरा ते वीस मिनिटांत ओढ जाणवली नाही, तर नांगर उचलून पुढचा डोह गाठावा. एकाच जागी दिवसभर चिकाटीने बसणे हा येथे गुण नाही. भुकेला मासा जवळपास असेल, तर तो एवढ्या वेळात येतो.

धरणाखालचा प्रवाह वरून दिसतो त्याहून जोरकस असतो. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा. मागच्या बाजूला बांधलेल्या नांगरामुळे पाणी आत शिरून होडी क्षणार्धात बुडाल्याच्या घटना सर्वत्र घडतात. धरणाजवळची निषिद्ध हद्द खुणांनी दाखविलेली असते, ती ओलांडू नये. जीवरक्षक जाकीट अंगावर असावे. ते आसनाखाली असून उपयोग नाही.

प्रश्न : कॅटफिशच्या मिशा विषारी असतात, असे ऐकले आहे. तो हातात धरावा कसा?

उत्तर : मिशा निरुपद्रवी असतात. जपायचे ते काट्यांना : एक पाठीवरच्या पराच्या पुढे आणि दोन बाजूच्या परांत. मासा घाबरला, की हे काटे ताठ उभे करून जागच्या जागी अडकवून ठेवतो, आणि त्यांच्याशी सौम्य विषाच्या ग्रंथीही असतात. आपल्याकडचा शिंगाळा ज्याने हाताळला आहे, त्याला हे नव्याने सांगायला नको. गंमत अशी, की लहान माशाचे काटे सुईसारखे असतात आणि मोठ्याचे झिजून बोथट होतात. त्यामुळे बहुतेक जखमा दुर्लक्षित लहान माशांकडून होतात. काटा लागल्यास जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी. सूज चढत राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : एवढा खर्च आणि खटाटोप करून मासा परत सोडायचा, हे घरात कोणालाच पटत नाही. एखादा मोठा मासा घरी आणला, तर बिघडते काय?

उत्तर : मॅनिटोबात ते बेकायदेशीर आहे, एवढे उत्तर पुरेसे होते, परंतु आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपण ज्याला ३६ इंचांचा मासा म्हणतो, तो कदाचित आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या वयाचा असेल. तो काढून नेला, तर त्याची जागा भरून यायला तेवढीच वर्षे लागतात, आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा त्याच डोहावर जाणार आहात. खाण्याच्या दृष्टीनेही मोठा मासा निराशाच करतो. त्याचे मांस भरड आणि चरबट असते. खायचाच असेल, तर दीड-दोन पौंडांचा लहान मासा नियमात बसवून ठेवावा. तो मोठ्याहून कितीतरी चवदार लागतो.

घरच्यांसाठी छायाचित्र आणावे, आणि तेही नीट काढलेले. रबरी जाळीची मोठी झोळी वापरावी, हात ओले करावेत आणि मासा झोळीसह पाण्यातच ठेवून कॅमेरा आधी तयार करावा. मग एक हात जबड्याखाली आणि दुसरा पोटाखाली देऊन मासा आडवा उचलावा. जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवल्यास त्याच्याच वजनाने त्याला इजा होते. उचलताना आपण श्वास रोखावा. आपल्याला तो सोडावासा वाटला, की मासाही खाली न्यावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो हातातच धरावा. शेपटीचा जोर परत येताच तो स्वतःच सुटतो, आणि बहुधा जाता जाता आपल्या तोंडावर पाण्याचा चांगला फटकारा मारून जातो, तेव्हा चष्मा दोरीने बांधलेला असावा.